पाइपलाइनच्या गॅसचे भाडे कोण ठरवतो?

नागपूरच्या व्यापाऱ्याला भाडे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. सुरतेहून किंवा इचलकरंजीहून गाठी निघाल्या की मालाची किंमत वेगळी, ट्रान्सपोर्टचे भाडे वेगळे, हमाली वेगळी, हे आपण बिल्टी पाहून सांगतो. एका ट्रान्सपोर्टवाल्याने भाडे वाढवले तर आपण दुसऱ्याकडे जातो. आता अशी कल्पना करा की सुरतेपासून गांधीबागेपर्यंत एकच रस्ता आहे, त्यावर एकाच मालकाच्या गाड्या धावतात, आणि दुसरा रस्ता बांधणे कोणालाच परवडणारे नाही. मग तो मागेल ते भाडे मुकाट्याने द्यावे लागेल. नैसर्गिक गॅसच्या पाइपलाइनची गोष्ट अशीच आहे. एका मार्गावर दोन-दोन पाइपलाइन कोणी टाकत नाही. म्हणून तिचे भाडे मालकाच्या मर्जीवर न सोडता सरकारने त्यावर एक नियामक बसवला आहे.

हा विषय दिल्ली-मुंबईच्या बड्या कारखानदारांचा आहे, आपला नाही, असे आता म्हणता येणार नाही. मुंबई–नागपूर–झारसुगुडा या १,७५५ किलोमीटरच्या पाइपलाइनचे काम २०२० साली ‘गेल’ या सरकारी कंपनीकडे आले. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि ओडिशा अशा चार राज्यांतून ती जाते. तिचा मुंबई ते नागपूर हा जवळजवळ सातशे किलोमीटरचा टप्पा बहुतांशी समृद्धी महामार्गाच्या कडेने टाकला गेला आणि २०२५ मध्ये तो पुरा झाला. त्याआधी आपल्या शहरात गॅस यायचा तो द्रवरूपात, गुजरातेतून टँकरने. २०२२ च्या मार्चमध्ये नागपुरात सीएनजीचा भाव किलोला १२० रुपये झाला होता आणि देशात सर्वांत महाग म्हणून तो वर्तमानपत्रांत गाजला. वाहतुकीचा खर्च मालाच्या भावाचे काय करतो याचा यापेक्षा चांगला नमुना शोधूनही सापडणार नाही.

ज्यांच्या धंद्यात उष्णता लागते त्यांनी पुढचा हिशेब नीट पाहावा. कापड रंगवणारे आणि प्रोसेसवाले, बेकरीवाले, हलवाई, खानावळी आणि हॉटेलांच्या भट्ट्या, भांड्यांचे व धातूचे काम करणारे कारीगर, या सर्वांचा हा प्रश्न आहे.

पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ हे त्या नियामकाचे नाव. २००६ च्या कायद्याने ते निर्माण झाले आणि २००७ मध्ये त्याचे काम सुरू झाले. त्याचे कार्यालय दिल्लीत आहे. पाइपलाइन टाकायला परवानगी देणे, एकाच्या पाइपलाइनमधून दुसऱ्याचा गॅस वाजवी अटींवर जाऊ देणे, आणि त्याचे भाडे ठरवणे ही त्याची मुख्य कामे. जी पाइपलाइन बोली लावून दिली जाते तिचे भाडे बोलीतूनच निघते. बाकीच्यांचे भाडे मंडळ हिशेब तपासून ठरवते.

हा हिशेब कसा होतो? कंपनीने किती भांडवल घातले, चालवण्याचा खर्च किती येतो आणि पुढे किती येईल, हे सर्व ती मंडळापुढे मांडते. मंडळ ते कलम तपासते. एखादा खर्च अवास्तव वाटला तर तो धरत नाही. मग पाइपलाइनच्या पूर्ण आयुष्याचा जमाखर्च घालून, लावलेल्या भांडवलावर कर वजा जाता बारा टक्के परतावा सुटेल असा दर काढला जातो. बारा टक्क्यांची ही मर्यादा नियमातच घातलेली आहे. आपल्या बाजारात बारा टक्के निव्वळ सुटले तर वर्ष बरे गेले असे म्हणतात. मात्र आपल्याला त्याची हमी कोणी देत नाही, हा फरक आहे.

यातली खरी मेख भागाकारात आहे. एकूण खर्च आणि नफा भागायचा कशाने? वाहून नेलेल्या गॅसने. गॅस कमी वाहिला तर दर फुगतो. अर्धा ट्रक भरून आला आणि मालकाने पूर्ण ट्रकचे भाडे आपल्या अर्ध्या मालावर चढवले तर आपण मान्य करू का? म्हणून मंडळाने नियम केला की पाइपलाइन रिकामी वाहत असली तरी क्षमतेचा एक ठरावीक हिस्सा भरलेला आहे असे धरूनच भागाकार करायचा. सुरुवातीच्या वर्षांत हा हिस्सा कमी धरतात आणि पुढे वाढवत नेतात. अंदाज चुकल्याचा बोजा काही अंशी कंपनीने सोसावा, सगळा ग्राहकावर टाकू नये, असा याचा अर्थ. ज्याला दर वाढवून हवा असतो तो याच ठिकाणी जोर लावतो: क्षमता कमी धरा, गॅस कमी धरा. दरवाढीचा अर्ज हाती आला तर आधी हा आकडा शोधावा, खर्चाची लांब यादी नंतर.

ताजे उदाहरण गेलचेच आहे. गेलच्या एकत्रित पाइपलाइन जाळ्याचा दर एका एमएमबीटीयूला सुमारे ५८ रुपये ६० पैसे होता. एमएमबीटीयू हे उष्णतेचे माप आहे. एक एमएमबीटीयू म्हणजे साधारण दोन लाख बावन्न हजार किलोकॅलरी. आपल्या भाषेत सांगायचे तर १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते त्याहून हे माप थोडे मोठे आहे. कंपनीने हा दर ७८ रुपयांच्या आसपास मागितला. पाइपलाइनमध्ये गॅस पुढे ढकलणाऱ्या यंत्रांना जो गॅस जाळावा लागतो तो महागला, हे तिचे एक कारण होते. मंडळाने हिशेब तपासून २०२५ च्या अखेरीस ६५ रुपये ६९ पैसे मंजूर केले. हा दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. म्हणजे मागणी तेहेतीस टक्के वाढीची होती आणि मिळाली बारा टक्के. काही मुद्दे पुढच्या आढाव्यासाठी राखून ठेवले गेले आणि तो आढावा २०२७-२८ मध्ये व्हायचा आहे. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता नागपूरचा हिशेब. पूर्वी प्रत्येक पाइपलाइनचे भाडे वेगळे असे. गॅस तीन पाइपलाइनमधून आला की भाडे तीनदा चढे आणि समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेली गावे मार खात. १ एप्रिल २०२३ पासून मंडळाने देशातल्या जोडलेल्या जाळ्याला एकच समान दरपद्धती लावली. कंपन्यांचे दर आपापले राहतात, पण ग्राहकाकडून वसुली समान तक्त्याने होते आणि जास्तीची रक्कम कंपन्या आपसात चुकत्या करतात. भागीदारीतल्या दुकानांनी महिनाअखेर एकमेकांची उचल फेडावी तसे. सुरुवातीला अंतराचे तीन टप्पे होते: तीनशे किलोमीटरपर्यंत, तीनशे ते बाराशे, आणि बाराशेच्या पुढे. २०२५ मध्ये त्यांचे दर अनुक्रमे सुमारे ४२, ८० आणि १०७ रुपये होते.

१ जानेवारी २०२६ पासून तीनाचे दोनच टप्पे झाले. पहिला तीनशे किलोमीटरपर्यंत, दर ५४ रुपये. दुसरा त्यापुढचा सगळा, दर १०२ रुपये ८६ पैसे. आणि घरगुती स्वयंपाकाचा गॅस व वाहनांचा सीएनजी यांना देशात कुठेही असले तरी पहिल्याच टप्प्याचा दर. वर्तमानपत्रांत मथळे आले की गॅस स्वस्त होणार. घरासाठी आणि ऑटोरिक्षासाठी ते खरे आहे. ८० किंवा १०७ च्या जागी ५४ म्हणजे मोठीच सवलत, आणि आमची त्याला हरकत नाही. पण एकूण वसुली तर कंपन्यांना पूर्वीइतकीच करायची आहे. मग घरांना सोडलेले पैसे कोणाकडून आले? तीनशे ते बाराशे किलोमीटरच्या पट्ट्यातल्या कारखानदाराकडे पाहा. त्याचा दर सुमारे ८० होता, तो १०२ रुपये ८६ पैसे झाला. बाराशेच्या पलीकडच्याला चार रुपये सुटले, याच्यावर बावीस-तेवीस रुपये चढले. अंतर मोजतात ते गॅस जाळ्यात येतो तिथपासून. मुंबई किंवा गुजरातच्या किनाऱ्यापासून मोजले तर नागपूर नेमके याच मधल्या पट्ट्यात पडते.

१९ किलोच्या सिलिंडरइतकी उष्णता घ्यायची असेल तर तिच्या वाहतुकीपोटी घरगुती ग्राहकाच्या बिलात साधारण ४८ रुपये येतील आणि बेकरीवाल्याच्या बिलात साधारण ९२. एका सिलिंडरमागे चव्वेचाळीस रुपयांचा फरक. महिन्याला पन्नास सिलिंडर जाळणाऱ्या भट्टीला तो बावीसशे रुपये पडेल. रक्कम ऐकून कोणी घाबरणार नाही. पण मोमिनपुऱ्यातली तंदूर आणि शेकडो एकरांवरचा खताचा किंवा पोलादाचा कारखाना एकाच रांगेत उभे केले आहेत, ही गोष्ट आम्हाला पटत नाही. लहान व्यावसायिक ग्राहकासाठी मधला टप्पा काढता आला असता.

इथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. मंडळ भाडे ठरवते, गॅसचा किरकोळ भाव ठरवत नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये मंडळाने दिल्लीत गॅस पुरवणाऱ्या इंद्रप्रस्थ गॅस कंपनीचे शहरातल्या जाळ्याचे शुल्क सुमारे १०४ रुपयांवरून साडेअडतीस रुपयांवर आणले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की आपलाच गॅस आपल्या ग्राहकाला विकणाऱ्या शहरी कंपनीचे असे शुल्क किंवा विक्रीचा भाव ठरवण्याचा अधिकार कायद्याने मंडळाला दिलेला नाही. तेव्हा दूरच्या पाइपलाइनचे भाडे पाच रुपयांनी घटले म्हणून आपले बिल पाच रुपयांनी घटेलच असे नाही. शहरी कंपनी ती घट खिशात ठेवू शकते. म्हणून जोडणीचा करार करताना भाव कशाशी बांधलेला आहे, वाहतुकीचा दर बदलला तर बिलात तो वेगळा दाखवणार की नाही, आणि किमान वापराची अट किती आहे, हे लिहून घ्यावे. आणखी एक बाब: नैसर्गिक गॅस जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने तो १ एप्रिल २०२२ पासून साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, पण त्याची वजावट जीएसटीच्या हिशेबात मिळत नाही.

मग आपले म्हणणे मांडायचे कुठे? भाड्याचा प्रस्ताव आला की मंडळ त्याचा मसुदा प्रसिद्ध करते, मुदत देऊन लेखी हरकती मागवते आणि त्यानंतर खुली चर्चा ठेवते. हरकत कोणीही घेऊ शकतो. निर्णय मान्य नसेल तर तीस दिवसांत विजेच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. गॅसची अपिलेही तिथेच चालतात आणि त्यावर सर्वोच्च न्यायालय आहे. विजेच्या बाबतीत ही वाट नागपूरला नवी नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या सुनावण्या आपल्या शहरात वनामतीच्या सभागृहात झाल्या आहेत आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संस्थांनी तिथे आकड्यांनिशी बाजू मांडली आहे. गॅसची सुनावणी मात्र दिल्लीत होते आणि कागद इंग्रजीत असतात. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे वकील हजर असतात आणि रंगारी, नानबाई यांच्या वतीने कोणी नसते.

यासाठी वकील लावण्याची गरज नाही. दहा-बारा भट्टीवाल्यांनी किंवा प्रोसेसवाल्यांनी मिळून एक कागद करावा: महिन्याला किती सिलिंडर, किती डिझेल, किती लाकूड जाळतो, त्याचा खर्च किती, आणि वाहतुकीचा दर अमुक झाला तर गॅस परवडतो की नाही. इंग्रजी वाचणारा एखादा भाचा-पुतण्या हल्ली प्रत्येक घरात आहे. मसुद्यातला क्षमतेचा आकडा त्याच्याकडून काढून घ्यावा. हा कागद नागविदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स किंवा आपल्या धंद्याच्या संघटनेमार्फत मंडळाकडे पाठवता येतो. २०२७-२८ च्या आढाव्यासाठी निदान एका पूर्ण वर्षाची बिले जपून ठेवलेली हवीत, कारण तिथे बिलाशिवाय आकडा चालत नाही.