आधी विचार, ढकलतंय कोण?

अगं, कॉलेजची सहल खोपोलीच्या इमॅजिका मनोरंजन उद्यानात जातेय आणि तू पोटदुखीचं निमित्त शोधतेयस. आईच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलंय. घाबरलीस म्हणून लाजू नकोस. पण घाबरायचंच, तर नेमकं कशाला ते तरी ठरव!

तिथला नायट्रो रोलर कोस्टर बघूनच निम्म्यांचे पाय लटपटतात. गाडीला तळ नाही, पाय अधांतरी लोंबतात. पण खरं सांगू? त्या गाडीला इंजिनच नाही. खालची साखळी तिला पकडून सुमारे ४० मीटर उंच नेते आणि माथ्यावर सोडून देते. ढकलणं एवढंच. पुढची सगळी वळणं, उलटंपालटं होणं, हे त्या चढावर साठवलेल्या कमाईवर. ४० मीटरवरून सुटलेली वस्तू खाली येईपर्यंत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. मग वारा आणि चाकांचं घर्षण वाटेत आपापला हिस्सा कापून घेतात, म्हणून अशा कोस्टरचा पहिला चढ सगळ्यांत उंच ठेवतात.

वीज गेली तर, हेच ना तुझ्या मनात? आपल्या भिवंडीत वीज गेली की अख्ख्या गल्लीचे लूम गप्प होतात, त्यामुळे शंका रास्त आहे. साखळीच्या चढावर दातेरी पट्टी असते आणि गाडीखालची खिटी तिच्यात अडकत वर जाते. कित्येक कोस्टरवर चढताना टक-टक आवाज येतो तो तिचाच. साखळी थांबली तरी गाडी मागे घसरत नाही.

तिथल्याच डीप स्पेस या दुसऱ्या कोस्टरची जात मात्र वेगळी. तिथं चढ नाही, अंधारात एकदम झटका बसतो. हा झटका चुंबकाचा, आणि त्याची गोष्ट भिवंडीच्या पोरीने ऐकायलाच हवी. साधी मोटर गोल फिरते. ती उभी चिरून सपाट पसरली, तर फिरवण्याऐवजी सरळ रेषेत ओढेल. रुळालगतच्या वेटोळ्यांत वीज सोडली की चुंबकत्वाची लाट पुढे धावते आणि गाडीवरची धातूची पट्टी किंवा चुंबक तिच्यामागे ओढला जातो. मँचेस्टरच्या एरिक लेथवेट नावाच्या इंजिनियरने १९४०च्या दशकाच्या अखेरीस या मोटरचा ध्यास घेतला तो कशासाठी, ठाऊक आहे? मागाचा धोटा फेकायला! पद्मानगरातून जाताना ज्याच्या खडखडाटाने कान किटतात, तोच धोटा. मागावर ती मोटर रुजली नाही. १९९६मध्ये अमेरिकेत प्रीमियर राइड्सने तिच्यावर ‘फ्लाइट ऑफ फिअर’ कोस्टर सोडले. डीप स्पेसही त्याच कंपनीचं. म्हणजे उद्या तू धोट्याच्या जागी बसणार आहेस!

अशा झटक्याला थोड्या सेकंदांत प्रचंड वीज लागते. ऑर्लँडोच्या हल्क कोस्टरसाठी १९९९मध्ये जड चाकं आधीपासून फिरवत ठेवून त्यांच्यात ऊर्जा साठवायची युक्ती केली गेली. न्यू जर्सीच्या किंगडा का या कोस्टरला तेलाच्या दाबावर चालणारी केबल ताशी २०६ किलोमीटर वेगाने फेकायची. कधीकधी गाडी १३९ मीटरचा मनोरा ओलांडू न शकता मागेच यायची. तरी कुणाची घाबरगुंडी उडायचं कारण नव्हतं, मागे आलेल्या गाडीला धरायला चुंबकी ब्रेक बसवलेलेच होते. अशा ब्रेकमध्ये कायमचे चुंबक असतात. त्यांच्यामधून धातूची पट्टी जोरात गेली की तिच्यात आपोआप विरोधी प्रवाह उठतो आणि वेग गिळतो. वीज असो वा नसो. मला विचारशील तर सगळ्या यंत्रात माझा जीव जडलाय तो या ब्रेकवर.

आता दोघींतलं बोलते. ओढणी अजिबात नको, ती लॉकरमध्ये. केस घट्ट बांध. वडापाव उतरल्यावर खा. शेवटची रांग मागू नकोस. पुढचे डबे उतारावर गेले की मागच्याला माथ्यावरून खेचून नेतात, पोटात गोळा तिथेच जास्त येतो. मधली रांग बरी. डोकं टेकवून बस. आणि पट्टा लावताना तुला नकोच वाटलं, तर तिथल्या माणसाला सरळ “मला उतरायचंय” म्हण. मैत्रिणी चिडवतील. चिडवू देत. त्यातली निम्मी मंडळी तुझ्या मागोमाग उतरायला टपलेली असतील, फक्त आधी बोलायची हिंमत कुणाला झालेली नसेल.