भरतकाम यंत्रातील दोऱ्याचा ताण : एक पाठ



शिवणवर्ग पूर्ण करून अनेक मुले-मुली आज संगणकीय भरतकाम यंत्राकडे वळत आहेत. गणवेशावरील बोधचिन्हे, टोप्या, ब्लाउजच्या बाह्या अशी कामे या यंत्रावर होतात. आम्ही बँकेत नोकरी करतो. यंत्र बहुधा कर्जाचे असते आणि कापड गिऱ्हाइकाचे, हे आम्ही जाणतो. माल नापास झाला की मजुरी बुडते, कापडाची भरपाई द्यावी लागते; हप्ता मात्र थांबत नाही. माल बिघडण्याच्या कारणांपैकी दोऱ्याचा चुकीचा ताण हे नेहमीचे कारण आहे. म्हणून त्याचा क्रमवार विचार करू.

ताण म्हणजे काय?

वरचा रंगीत दोरा कोनावरून निघून ताणाच्या चकत्यांमधून सुईत येतो. खालचा दोरा बॉबिन केसच्या पत्तीखालून येतो. साध्या शिलाईत दोघांची गुंतवण कापडाच्या मधोमध बसते. भरतकामात मात्र रंगीत दोरा थोडा खाली ओढला गेला पाहिजे, तरच खालचा पांढरा दोरा वर डोकावत नाही.

आधी तपासणी, मग स्क्रू

स्क्रूला हात लावण्यापूर्वी दोरा सर्व कड्यांतून नीट ओवला आहे का, सुई बोथट किंवा वाकडी नाही ना, हे पाहावे. चकत्यांत आणि बॉबिन केसच्या पत्तीखाली साचलेला कचरा काढावा. पत्तीखाली जाड कागदाची कड फिरवली तरी पुरते. पुष्कळदा दोष एवढ्यानेच जातो.

प्रथम खालचा ताण

यंत्राच्या एका हेडला सुया अनेक असतात, पण बॉबिन एकच. खालचा ताण बदलला की सर्व सुयांचा मेळ बदलतो, म्हणून सुरुवात खालूनच करावी. बॉबिन भरलेली केस दोऱ्याच्या टोकाला धरून लोंबकळत ठेवावी. ती आपोआप घसरू नये. हलका झटका देताच तीन ते पाच सेंटिमीटर उतरून थांबावी. सरळ खाली गेली तर ताण सैल, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू उजवीकडे फिरवला की ताण वाढतो. एका वेळी घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटे सरकावे एवढाच तो फिरवावा. ताणमापक असल्यास खालचा ताण साधारण २० ते २५ ग्रॅम आणि ४० नंबरच्या पॉलिएस्टर दोऱ्याचा वरचा ताण १०० ते १३० ग्रॅमच्या आसपास ठेवतात.

मग वरचा ताण

प्रत्येक सुईची ताणाची गुंडी वेगळी असते. ज्या कापडावर काम करायचे, त्याच कापडाच्या तुकड्यावर, तेच बॅकिंग लावून, प्रत्येक सुईने अडीच सेंटिमीटर उंचीची भरीव उभी पट्टी काढावी. मग तुकडा उलटा करून पाहावा. मधला एक तृतीयांश भाग पांढरा आणि दोन्ही बाजूंना एक-एक तृतीयांश रंगीत दिसला, तर ताण योग्य.

उलट बाजूला पांढरा दोरा दिसतच नसेल, तर वरचा दोरा सैल आहे. वरच्या बाजूला फासे उठतात तेही बहुधा यामुळेच. पांढरा पट्टा फार रुंद असेल किंवा पांढरा दोरा वर दिसत असेल, तर वरचा दोरा घट्ट आहे. दोरा वारंवार तुटणे, कापडाला चुण्या पडणे याही घट्टपणाच्या खुणा आहेत. मात्र चुण्या सैल फ्रेममुळेही पडतात. जरीचा दोरा नाजूक, म्हणून त्याला ताण कमी ठेवावा आणि यंत्राची गतीही कमी करावी.

नोंद ठेवा

एका वेळी एकच बदल करावा. वर-खाली दोन्ही स्क्रू एकदम फिरवले, तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही. कापड, दोरा, सुई आणि ताण यांची नोंद वहीत ठेवावी आणि चाचणीचा तुकडा शेजारी टाचावा. बँकेत जसे खातेवहीवाचून पान हलत नाही, तशीच ही वही धंद्यात उपयोगी पडते. पुन्हा तेच काम आले की ती उघडावी.

चाचणीला पाच मिनिटे आणि वीतभर कापड लागते. शंभर शर्टांचा गठ्ठा हातात घेण्यापूर्वी एवढा खर्च प्रत्येकाने जरूर करावा, एवढेच या निमित्ताने आम्ही सुचवितो.