उलटे फिरणारे चाक

(विजेची गरज सर्वांनाच असते. पण उरलेली वीज साठवायची कशी? नाशिकजवळच्या डोंगरात या प्रश्नाचे एक उत्तर पाहायला मिळते. त्याची माहिती या पाठात दिली आहे.)

मालेगावला माझ्या मामूंच्या घरी दोन यंत्रमाग होते. दिवसभर त्यांचा खटखटाट चाले. पाहुण्यांना त्या आवाजाने झोप येत नसे. घरच्यांना मात्र आवाज थांबला की जाग येई! २००५ नंतरच्या काही वर्षांत तो आवाज रोज कित्येक तास थांबू लागला. ते भारनियमनाचे दिवस होते. माग बंद पडले की मामू ओट्यावर येऊन बसत. जितके कापड विणावे, तितकीच मजुरी मिळे. मुमानी म्हणत, "बेटा, वीज गेली की नुसता दिवा जात नाही, भाकरीही जाते."

ही गोष्ट मी एकदा वर्गात सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, मध्यरात्री सगळे झोपलेले असतात. तेव्हाची वीज दुसऱ्या दिवसासाठी का साठवत नाहीत? आपण धान्य साठवतो, तशी!"

प्रश्न फार चांगला होता. पण वीज धान्यासारखी पोत्यात भरता येत नाही. ज्या क्षणी जितकी लागते, त्या क्षणी तितकीच तयार करावी लागते. नाशिकजवळच्या एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्र तुम्हांला माहीत असेल. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने टर्बाइनची पाती मिनिटाला ३००० फेरे घेतात. टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. परंतु एवढी मोठी भट्टी घरच्या चुलीसारखी घडीघडी विझवता व पेटवता येत नाही. थंड पडलेला संच पुन्हा सुरू करायला बरेच तास लागतात. म्हणून रात्री मागणी कमी झाली तरी भट्टी पेटतीच ठेवतात. संध्याकाळी मात्र घरोघरी एकदम दिवे लागतात आणि वीज अपुरी पडते.

मी मुलांना विचारले, "तुमच्या घरी पाणी कसे साठवतात?"

"सर, सकाळी नळ येतो. अम्मी मोटार लावते आणि पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते. मग ते दिवसभर पुरते."

"शाबास! टाकीतले पाणी खाली येताना त्याच्या वाटेत एक चाक बसवले, तर ते फिरेल ना? मोटारीने खर्च केलेली शक्ती पाण्याच्या उंचीत साठून राहिलेली असते."

हीच युक्ती घाटघरला वापरली आहे. नाशिकहून घोटीमार्गे भंडारदऱ्याला गेले की पुढे घाटघर लागते. हे गाव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. ते सह्याद्रीच्या अगदी कड्याजवळ वसले आहे. वर घाटघरला एक जलाशय आहे. खाली ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, चोंढे येथे दुसरा जलाशय आहे. दोहोंच्या पातळीत सुमारे ४०० मीटरचा फरक आहे. डोंगराच्या पोटातून नेलेल्या जलमार्गांनी ते जोडले आहेत. वीजघरही जमिनीखालीच आहे. प्रत्येकी १२५ मेगावॅटचे दोन संच तेथे बसवले असून २००८ साली ते कार्यान्वित झाले.

या संचांची गंमत अशी, की त्यांचे चाक दोन्ही बाजूंनी फिरते. पाणी वरून खाली आले की ते टर्बाइन होते आणि वीज तयार करते. विजेची मागणी कमी झाली की तेच चाक उलटे फिरते. मग ते पंप होऊन खालचे पाणी वर चढवते. टर्बाइन वेगळे आणि पंप वेगळा ठेवण्याची गरज उरत नाही. शिवाय असा संच काही मिनिटांत सुरू होतो.

येथील धरणेही वैशिष्ट्यपूर्ण आहेत. कोरडसर काँक्रीटचे थर पसरून त्यांवर रस्त्यासारखा रोलर फिरवला आणि ती बांधली. भारतात अशी धरणे प्रथम येथेच झाली. सिमेंटबरोबर दगडी कोळशाची राखही त्यांत वापरली आहे.

आता थोडा हिशेब करू. १००० लिटर पाणी ४०० मीटर खाली आले, तर जवळजवळ एक युनिट वीज मिळते. आपल्या गच्चीची उंची १० मीटर धरली, तर तेवढ्याच पाण्यातून युनिटचा चाळिसावा भाग मिळेल. कडा का हवा, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

एका मुलाने विचारले, "सर, चढवायला लागते त्यापेक्षा जास्त वीज मिळते का?"

"नाही. चार युनिट खर्च केले, तर सुमारे तीनच परत मिळतात. बाकीची शक्ती घर्षणात आणि उष्णतेत जाते."

"मग हा तोट्याचा व्यापार झाला!"

"आपल्या नाशिकची द्राक्षे वाळवून बेदाणे करतात. तेव्हा वजन घटते ना? पण द्राक्षे चार दिवसांत नासतात आणि बेदाणे वर्षभर टिकतात. गरजेच्या वेळी हाती येणाऱ्या वस्तूचे मोल जास्त असते."

आता सूर्यप्रकाशापासूनही पुष्कळ वीज मिळू लागली आहे. ती दुपारी भरपूर असते, पण दिवे लावायच्या वेळी सूर्य मावळलेला असतो. म्हणून वीज साठवण्याचे महत्त्व वाढले आहे. एकट्या घाटघरच्या बळावर सगळ्या गावांचे माग चालणार नाहीत. अशी अनेक चाके फिरायला हवीत. मागच्या बाकावरच्या मुलीला पडला, तसा प्रश्न तुम्हांलाही पडायला हवा. कोणी सांगावे, मामूंसारख्या विणकरांची भाकरी उद्या तुमच्यातल्याच एखाद्या इंजिनियरच्या हातून वाचेल!

शब्दार्थ
भारनियमन – वीज कमी असल्याने ठरावीक वेळ ती बंद ठेवणे
औष्णिक – उष्णतेपासून मिळणारे
जनित्र – वीज निर्माण करणारे यंत्र
जलाशय – पाण्याचा मोठा साठा
कार्यान्वित होणे – काम सुरू होणे
घर्षण – घासले जाणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामू ओट्यावर केव्हा येऊन बसत?
(आ) घाटघरचे संच कोणत्या साली कार्यान्वित झाले?
२. कारणे लिहा.
(अ) रात्रीही औष्णिक केंद्राची भट्टी पेटती ठेवतात.
(आ) लेखकाने बेदाण्यांचे उदाहरण दिले.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : उलटे, कोरडा, तोटा, अपुरी.
४. उपक्रम : तुमच्या घरातील एका महिन्याचे वीजबिल पाहा. रोज सरासरी किती युनिट वीज लागते, ते काढा. तेवढ्या विजेसाठी घाटघरला साधारण किती लिटर पाणी खाली सोडावे लागेल?