रेंज नव्हे, सर्व्हरच गेला होता

पावसाळ्यात आमच्या राधानगरीत रेंज जाणं नवीन नाही. कॉल लागतो, नेट चालत नाही, असं दिवस दिवस चालतं. म्हणून त्या सकाळी डेअरीतून सचिवअण्णांचा फोन आला, "ॲप नुसतंच फिरतंय रं, पावती निघंना," तेव्हा मी म्हणालो, "टॉवर गेला असंल, वहीवर लिहून घ्या." नऊच्या सुमारास डेअरीत पोचलो. बाहेर पत्र्याखाली एक पोरगा मोबाईलवर व्हिडिओ बघत बसला होता. व्हिडिओ न अडखळता चालला होता. त्याच्या मोबाईलकडे बघत मी तसाच उभा राहिलो.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. ज्या परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर आमचं सगळं होतं, तिच्या पानावर चार ओळी होत्या. सेवा बंद केली आहे, डेटा तीस दिवसांनी पुसला जाईल, आजवरच्या साथीबद्दल आभार. त्या आभारांचा राग मला अजून येतो.

चार दूध संस्थांचा हिशेब आमच्या त्या ॲपवर होता. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची उधारी, सगळं. वर्षभरात कोणी किती लिटर दूध घातलं त्यावर दिवाळीचा दरफरक निघतो, तो हिशेबही तिथंच. आणि संकलनाचं रजिस्टर मीच बंद करायला लावलं होतं. "अण्णा, दोनदा कशाला लिहिताय, सगळं सर्व्हरवर आहे," हे माझेच शब्द.

लोक मला म्हणतात, तू मेल वाचला नाहीस. कंपनीनं मेल पाठवला होता, साठ दिवस आधी. पण खातं उघडलं होतं माझ्या भागीदाराच्या कॉलेजच्या मेलवरून. तो बेंगळुरूला गेला आणि तो मेल बंद पडला. कंपनीकडे माझा मोबाईल नंबर होता, माझं कार्ड होतं. त्या कार्डावरून पैसे दर महिन्याला कापले जात होते, शेवटच्या महिन्याचेही. मग एक मेसेज मला का नाही? इथं धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायची वेळ आली की भोगावतीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. पाठवलेला मेल परत येतोय हे त्या कंपनीला दिसत असणार, तरी कुणी दखल घेतली नाही.

डेटा मागितला तर पहिलं उत्तर सहाव्या दिवशी आलं, तेही ठरावीक साच्यातलं. माझा प्रश्न वाचलेलाच नव्हता. चार वेळा लिहिल्यावर फाईल मिळाली तेव्हा मुदतीचे दोन दिवस उरले होते. फाईलमध्ये शेवटचे नऊ दिवस नव्हते.

ते नऊ दिवस आम्ही पावत्यांवरून उभे केले. घरोघरी फिरलो. चुलीजवळ खोचलेल्या पावत्या उष्णतेनं काळ्या पडल्या होत्या, काही खिशात भिजून गेल्या होत्या. एका मावशींच्या नातीनं मात्र शाळेच्या वहीत रोजचं दूध लिहून ठेवलं होतं, सकाळचं एका बाजूला, संध्याकाळचं दुसऱ्या बाजूला. त्या वहीतला एकही आकडा चुकलेला नव्हता.

अशी सेवा बंद होणं आपल्यापुरतंच आहे असं मी आधी समजत होतो. तसं नाही. फेसबुकनं २०१३ मध्ये पार्स नावाची अशीच सेवा विकत घेतली आणि २८ जानेवारी २०१६ रोजी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. हजारो ॲप त्यावर चालत होती. पण त्यांनी वर्षभराची मुदत दिली, डेटा हलवायचं साधन दिलं आणि पार्स सर्व्हर सगळ्यांना खुला केला. २०१७ च्या जानेवारीअखेर सेवा थांबली, तरी तो खुला सर्व्हर स्वतःच्या यंत्रावर चालवणारे लोक आजही आहेत. गूगलची डायनॅमिक लिंक्स ही सेवा २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली, तीही बऱ्याच आधी सांगून. कंपनी कितीही मोठी असो, बंद होणं तुमच्या हातात नाही. म्हणून सेवा निवडताना एकच गोष्ट आधी बघा: हीच सेवा उद्या दुसऱ्या सर्व्हरवर स्वतः चालवता येईल का? मी आता पोस्टग्रेस या साध्या, खुल्या डेटाबेसवर आलो आहे. काम वाढलं, पण सगळं कुठंही उचलून नेता येतं.

खातं व्यक्तीच्या नावावर नको, संस्थेच्या मेलवर हवं आणि तो मेल दोघांना उघडता यायला हवा. बॅकअप घ्या, पासवर्ड लिहून ठेवा, हे सगळेच सांगतात. मी म्हणेन, बॅकअप उघडूनही बघा. मी दर महिन्याला घेत होतो, पण त्यात फक्त सभासदांची यादी होती, दुधाच्या नोंदी नव्हत्या. हे मला त्या दिवशी कळलं.

ॲपमध्ये कंपनीचा पत्ता थेट लिहू नका. स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाला हजार-दीड हजारात मिळतं, आणि ॲपला तेच सांगा. मी तसं केलं असतं तर मागचा सर्व्हर बदलून काम भागलं असतं. त्याऐवजी प्रत्येकाच्या मोबाईलवर नवं ॲप टाकावं लागलं. ज्यांच्या फोनमध्ये जागाच नव्हती, त्यांचे फोटो आधी पेनड्राइव्हवर काढून दिले.

आणखी एक गोष्ट. बाहेरच्या सर्व्हरच्या फाईलमध्ये वेळ बहुतेक ग्रिनिचची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ज्या गावात गाडी लवकर येते तिथं पहाटे पाचलाच संकलन सुरू होतं. साडेपाचच्या आत घातलेलं दूध फाईलमध्ये आदल्या तारखेला पडतं. त्यामुळं अकरा आणि एकवीस तारखेचं पहाटेचं दूध आधीच्या बिलात गेलं. दोन रात्री मी जुळणीत चूक शोधत होतो. नोंदी भरायच्या आधी वेळ बदलून घ्या.

आणि लोकांना लगेच सांगा. मी दोन दिवस "रेंज नाही" म्हणत राहिलो, ते मात्र माझं चुकलं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आमचं दूध कुठं गेलं ते सांग." माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता रोज रात्री चारही डेअऱ्यांच्या संगणकावर दिवसाची फाईल उतरते आणि दहा दिवसांनी छापील प्रत कपाटात जाते. रजिस्टरही परत सुरू झालं आहे.

दिवाळीचा फरक वेळेत वाटला. एका काकूंचं साडेनऊ लिटर मात्र आम्हाला कुठंच सापडलं नाही. पावती नाही, नोंद नाही. तेवढे पैसे मी खिशातून देऊ केले. त्यांनी हात मागं घेतला. "मला पैसं नकोत, माझं दूध कागदावर दाखव," म्हणाल्या. ती नोंद अजून कोरी आहे.