जुनी इटालियन मोटार : भाव आणि मालकी

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच आपण ‘घसारा’ ही संज्ञा शिकतो. यंत्र वापरले की झिजते आणि झिजले की त्याची किंमत दरसाल काही अंशाने उतरते. शहाद्यासारख्या शेतीप्रधान तालुक्यात हा नियम पुस्तकातून शिकावा लागत नाही. जुना ट्रॅक्टर विकावयास काढणाऱ्यास तो गिऱ्हाईकच शिकवते. परंतु या नियमाला उघड अपवाद असणारी काही यंत्रे जगात आहेत. जुन्या इटालियन शर्यती मोटारी हा त्यांपैकी सर्वांत ठळक अपवाद होय. त्यांचा भाव का चढतो आणि अशा वस्तूचा ‘मालक’ म्हणजे नेमका कोण, या दोन प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

इटालियन मोटार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लाल फेरारी येते. वस्तुतः इटालियन गाडी आपल्या आजोबांच्या पिढीला चांगली परिचित होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ‘फियाट’ ही तुरीन येथील फियाट कंपनीचीच ११०० जातीची गाडी. पुढे तीच ‘पद्मिनी’ झाली. बजाजची पहिली स्कूटरही पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर बनलेली इटालियन व्हेस्पा होती, आणि १९७२ साली आलेला ‘चेतक’ तिचाच वारस.

या गाड्यांच्या बाबतीत एके काळी घसाऱ्याचा नियम आपल्याकडेही उलटा चालला होता. परवाना पद्धतीमुळे किती गाड्या काढावयाच्या हे सरकार ठरवी. मागणी मोठी, पुरवठा बांधलेला. त्यामुळे स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मुलगी शाळेत जाऊ लागली की जावयासाठी स्कूटर नोंदवावी, असे लोक गमतीने म्हणत. कारखान्याची किंमत नियंत्रित होती, पण गाडी हाती येताच ती बाहेर विकली तर वर ‘प्रीमियम’ मिळे. म्हणजे वापरलेली गाडी कोऱ्या गाडीहून महाग! ही दुर्मिळता मात्र कृत्रिम होती. १९८३ साली मारुती आली, १९९१ नंतर परवाने गेले आणि प्रीमियमही गेला. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या रूपात पद्मिनी आणखी काही वर्षे टिकली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे, ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. अनेक वर्तमानपत्रांनी तिच्यावर हळवे लेख लिहिले. पण तिच्या बहुसंख्य भगिनी त्यापूर्वीच भंगारात गेल्या होत्या, आणि भंगारवाला हळवा नसतो. तो लोखंडाचे वजन करतो.

आता दुसरी इटालियन गाडी पाहा. ‘फेरारी २५० जीटीओ’ ही शर्यतीची मोटार १९६२ ते १९६४ या काळात तयार झाली. एकूण संख्या फक्त ३६. त्या वेळी अमेरिकेत तिची किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती. शर्यतीत नवी यंत्रे आल्यावर ही जुनी झाली, आणि पहिली काही वर्षे तिलाही घसारा लागूच झाला. जुनी शर्यती गाडी म्हणून ती स्वस्तात हातबदल होत राहिली. ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्रज वाद्यवृंदाचे ढोलवादक निक मेसन यांनी १९७० च्या दशकात एक घेतली, ती सुमारे ३५ हजार पौंडांच्या घरात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत अशीच एक गाडी लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३४० कोटी रुपयांना गेली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे आणखी एकीला ५ कोटी डॉलरहून अधिक किंमत आली.

पद्मिनी आणि जीटीओ या दोहोंचे उत्पादन बंद झाले. मग एक भंगारात आणि दुसरी तिजोरीत, असे का? केवळ ‘जुनी’ हे उत्तर पुरेसे नाही. जीटीओचा पुरवठा पूर्णतः अलवचिक आहे. भाव शंभरपट झाला तरी सदतिसावी गाडी निर्माण होणार नाही. हुबेहूब नक्कल करण्याचा मार्गही सोपा राहिलेला नाही, कारण २०१९ साली बोलोन्या येथील न्यायालयाने या गाडीचा आकार ही कलाकृती मानून तिला संरक्षण दिले. दुसरीकडे मागणी करणारे लोक जगभर वाढत गेले आणि त्यांच्यापाशी पैसा अमाप झाला.

तरीही खरी मेख आणखी पुढे आहे, आणि ती समजण्यास सारंगखेड्याची यात्रा उपयोगी पडेल. फेरारीचे चिन्हही मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडाच आहे, हा केवळ योगायोग. दत्तजयंतीच्या घोडेबाजारात जाणकार गिऱ्हाईक आधी घोड्याचा वेग पाहत नाही. तो भोवरे पाहतो, देवमण आहे का विचारतो, पंचकल्याणी आहे का पाहतो, आणि शेवटी ‘कोणाच्या घरचा, कोणत्या नराचा’ हे विचारतो. जुन्या फेरारीची परीक्षा अगदी अशीच होते. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, गिअरपेटीवरचा क्रमांक हे कारखान्याच्या नोंदींशी जुळतात काय? कोणत्या शर्यतीत कोणी चालविली? मधल्या प्रत्येक मालकाचा कागद आहे काय? इंजिन बदललेले निघाले तर तीच गाडी, तोच रंग, तोच वेग असूनही किंमत कोसळते. म्हणजे गिऱ्हाईक लोखंडाचे पैसे देत नाही, वंशावळीचे देते. उपयोगिता मूल्य आणि विनिमय मूल्य यांतील फरक याहून स्पष्ट करणारे उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

यात धोका नाही असे मात्र कोणी समजू नये. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी वारले. त्या सुमारास जुन्या फेरारींचे भाव भराभर चढले, आणि १९९० नंतर सट्ट्याचा फुगा फुटताच तितक्याच वेगाने उतरले. शेत पीक देते, दुकान भाडे देते. अशी मोटार विकेपर्यंत काहीच देत नाही, उलट विमा, निगा व कारागीर यांचा खर्च मागते.

मालकीच्या प्रश्नावर एक मराठी उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. सचिन तेंडुलकर यांनी २००२ साली ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, त्याबद्दल त्यांना ‘फेरारी ३६० मोडेना’ भेट मिळाली आणि सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती देण्यात आली. गाडी भारतात आणण्यास सुमारे १ कोटी १३ लाख रुपये आयात जकात होती. सरकारने सूट दिली, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर जकात कंपनीनेच भरली. २०११ साली ती गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याने विकत घेतली. ‘भेट विकावी काय?’ असे अनेकांनी विचारले. माझ्या मते प्रश्नच चुकीचा होता. विकण्याचा अधिकार नसेल तर ती मालकी नव्हे, राखण होय. शिवाय ती गाडी ‘सचिनची’ असणे हेच सुरतेच्या गिऱ्हाइकाने घेतलेल्या मालाचा मोठा भाग होते. पुन्हा तीच वंशावळ.

सुरत आपल्यापासून दूर नाही, पण ३४० कोटींची मोटार नक्कीच दूर आहे. कागदाचा नियम मात्र शहाद्याच्या जुन्या मोटारसायकलीलाही तोच. आपल्याकडे अनेकजण गाडी विकताना कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून मोकळे होतात. गाडी तीन हात फिरते आणि कार्यालयाच्या दप्तरी नाव पहिल्याचेच राहते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवावयाचे असते. नमुना २९ व ३० त्यासाठीच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ‘नवीन कुमार’ प्रकरणात स्पष्ट सांगितले की, गाडी अनेकदा विकली गेली असली तरी दप्तरी ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. तेथे पैसे घेतल्याची पावती उपयोगी पडत नाही.

वाड्यात आजोबांची जुनी फियाट झाकून ठेवलेली असेल त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. परंतु नाव अजून आजोबांचेच असेल तर आधी वारसाच्या नावे बदल हवा, त्यास नमुना ३१ लागतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला; तत्पूर्वी आपल्या भागातील गाड्यांची नोंद धुळ्याकडे होत असे. तेव्हा जुन्या कागदांचा शोध नंदुरबारच्या एम.एच. ३९ च्या कार्यालयाऐवजी धुळ्यापासून सुरू करावा.