डोळ्यात गेलेले कुसळ : सुगीतील इजा व वेळीच उपचार

सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याचे लक्ष कणसांकडे, खळ्याकडे व आभाळाकडे असते. स्वतःच्या डोळ्यांकडे ते क्वचितच जाते. कापणीत धाट लागले, मळणीत कुसळ उडाले किंवा ऊस तोडताना पात्याचा फटका बसला, तर पदराच्या अथवा उपरण्याच्या टोकाने डोळा पुसावा व काम पुढे चालू ठेवावे, अशी सर्वत्र रीत आहे. पुष्कळदा त्याने काही बिघडत नाही. तथापि ज्या वेळी बिघडते, त्या वेळी दोन-तीन दिवसांच्या हयगयीमुळे आयुष्यभराची दृष्टी जाते. या इजेचे कारण शेतात आहे व तिच्यावरील पहिला उपायही शेतातच करावयाचा असतो. म्हणून शेतीविषयक पत्रिकेत या विषयाचा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

एके काळी खेड्यापाड्यांतून खुपरीच्या रोगाने असंख्य लोक अंध होत. त्या रोगाविरुद्ध आपल्या देशात १९६३ साली राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला, आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या नात्याने खुपरीचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. स्वच्छ पाणी, स्वच्छता व औषध यांच्या योगे एक मोठा शत्रू मागे हटला. परंतु कुसळाने होणारी इजा अशा मोहिमेने हटणारी नाही. शेती आहे तोवर ती होणारच. तिचे पर्यवसान अंधत्वात होऊ न देणे मात्र आपल्या हाती आहे.

बुबुळाची रचना

डोळ्याच्या अगदी पुढच्या भागी, काळ्या वर्तुळावर, घड्याळाच्या काचेप्रमाणे एक पारदर्शक पटल असते. व्यवहारात आपण त्यालाच बुबुळ म्हणतो. त्याची मध्यभागातील जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर एवढीच असते. प्रकाश आरपार जावा म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिन्या ठेवलेल्या नाहीत. हाताला जखम झाली तर रक्ताबरोबर रोगप्रतिकारक पेशी तेथे तत्काळ धावून येतात. बुबुळाला ही सोय तितक्या त्वरेने मिळत नाही. बुबुळावर सर्वांत वर पेशींचा एक पातळ थर असतो. तो शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतू व बुरशी यांचा आत शिरकाव होत नाही. कुसळाने या थरावर ओरखडा उठला की कुंपणाला खिंडार पडल्यासारखे होते. लहानसा ओरखडा स्वच्छ राहिला, तर एक ते तीन दिवसांत आपोआप भरून येतो. तो भरण्यापूर्वी त्यात जंतू अथवा बुरशी रुजली, तर मात्र तेथे व्रण होतो.

शेतातील बुरशी व डोळ्यातील बुरशी

हरभऱ्यावर व तुरीवर मर रोग आणणारी फ्युझेरियम नावाची बुरशी शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. भुईमुगाच्या दाण्यांवर वाढून त्यांत विष निर्माण करणारी अ‍ॅस्परजिलस बुरशीही अनेकांना ठाऊक असेल. उष्ण प्रदेशांत बुबुळाचे जे बुरशीजन्य व्रण आढळतात, त्यांतील फार मोठा भाग याच दोन कुळांतील बुरशींमुळे होतो. यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. या बुरशींची बीजे मातीत, काडीकचऱ्यात व वाळलेल्या पानांवर असतातच. भाताचे तूस, गव्हाचे कुसळ, उसाचे पाते, पऱ्हाटीची काडी किंवा बैलाच्या शेपटीचा फटका यांपैकी काहीही डोळ्याला लागले, तर ओरखडा आणि बीजपेरणी ही दोन्ही कामे एकाच वेळी होऊन जातात.

बुरशीचा व्रण सुरुवातीस सावकाश वाढतो. पुष्कळदा त्याच्या मानाने वेदना कमी असतात, त्यामुळे रोगी गाफील राहतो. एकदा बुरशी बुबुळात खोल गेली की औषध तेथपर्यंत पोचणे कठीण होते व उपचार कित्येक आठवडे चालू ठेवावे लागतात. त्यातून डोळा वाचला तरी मागे पांढरा डाग राहतो. यालाच डोळ्यात फूल पडणे म्हणतात. फूल बुबुळाच्या मधोमध असेल तर त्या डोळ्याने दिसत नाही, आणि पुढे नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसविण्याचाच मार्ग उरतो.

वेळेचे महत्त्व

वेळेला किती महत्त्व आहे हे शेजारच्या नेपाळमधील एका पाहणीवरून स्पष्ट होते. काठमांडू खोऱ्यातील भक्तपूर जिल्ह्यात गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांना बुबुळावरील ओरखडा ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. ओरखडा आढळल्यास क्लोरॅम्फेनिकॉलचे १ टक्का मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस लावावयाचे, अशी योजना होती. या पाहणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. इजा झाल्यापासून ४८ तासांच्या आत आलेल्या ४४२ जणांवर हा उपचार झाला. त्यांपैकी १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांत एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांच्या दरम्यान आलेल्या १०९ जणांपैकी ४ जणांना, तर २४ ते ४८ तासांच्या दरम्यान आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना व्रण झाला.

या पाहणीत उपचाराविना ठेवलेला गट तुलनेसाठी नव्हता. सबब मलमाचा गुण नेमका किती, याचा हिशेब त्यावरून मांडता येत नाही. परंतु लवकर आलेला व उशिरा आलेला रोगी यांतील अंतर कोणाच्याही ध्यानात येण्याजोगे आहे. सकाळी इजा झालेल्या माणसाने सायंकाळपर्यंत आरोग्य केंद्र गाठणे व ‘उद्या बघू’ म्हणणे, यांत एवढा फरक पडू शकतो. येथे सांगितलेले मलमदेखील आरोग्य कर्मचाऱ्याने डोळा पाहिल्यानंतरच वापरावे.

डोळे आले की व्रण झाला?

लाल डोळा म्हणजे ‘डोळे आले’ असे समजून घरात पडलेले थेंब घालणे, ही नेहमी घडणारी चूक होय. दोन्ही विकारांतील भेद सामान्य माणसालाही बराचसा ओळखता येतो. डोळे येतात तेव्हा बहुधा एकामागून एक असे दोन्ही डोळे लाल होतात, चिपडे येतात, सकाळी पापण्या चिकटतात, आणि घरातील किंवा शेजारील आणखी कोणाला तोच त्रास झालेला असतो. चिपडे पुसल्यावर नजर स्वच्छ असते. हा विकार बहुधा एक-दोन आठवड्यांत बरा होतो. रोग्याचा टॉवेल व उशी वेगळी ठेवावी आणि हात वारंवार साबणाने धुवावेत.

व्रण मात्र बहुधा एकाच डोळ्यात व इजेनंतर होतो. डोळा दुखतो, प्रकाश सहन होत नाही, सारखे पाणी येते व त्या डोळ्याने धूसर दिसू लागते. बॅटरीच्या उजेडात पाहिले असता बुबुळावर करडा किंवा पांढरा ठिपका दिसू शकतो. ठिपका दिसण्याची वाट मात्र पाहू नये. इजा झाल्यावर एकेक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने दूरची एखादी ओळखीची वस्तू पाहावी. नजरेत फरक वाटल्यास विलंब न करता उपचार घ्यावा.

घातक थेंब व घरगुती उपाय

डोळ्यांच्या काही थेंबांत स्टेरॉइड जातीचे औषध असते. डेक्झामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांची नावे कुपीवर छापलेली असतात. नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ही औषधे फार उपयोगी पडतात. पण बुबुळावर बुरशी असताना ती घातली, तर लाली कमी झाल्यासारखी वाटते आणि प्रतिकार दुबळा पडल्याने बुरशी आत फैलावते. राखणदाराला झोपवून पीक जनावरांच्या स्वाधीन करण्यासारखाच हा प्रकार होय. असे थेंब दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू व मोतीबिंदूही होऊ शकतो. यास्तव दुकानातून परस्पर आणलेले किंवा दुसऱ्या रोग्याचे उरलेले थेंब कधीही वापरू नयेत. केवळ जंतूंवर चालणारे औषध बुरशीवर उपयोगी पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पिकावरील रोग ओळखल्यावाचून आपण फवारणी करीत नाही. डोळ्याच्या बाबतीतही तोच नियम पाळावा.

डोळ्यात पाल्याचा रस, मध, तूप, एरंडेल किंवा अंगावरचे दूध घालणे, तसेच जिभेने कचरा काढणे, हे प्रकार अद्याप काही ठिकाणी चालतात. त्यांमागील हेतू चांगला असला, तरी उघड्या जखमेत नवे जंतू शिरण्याचा धोका त्यांत आहे. ते कटाक्षाने टाळावेत.

प्रथमोपचार

(१) धूळ किंवा कुसळ : डोळा चोळू नये. प्रथम हात धुवावेत. स्वच्छ पाण्याची धार धरून पापण्यांची उघडझाप करावी. कण पांढऱ्या भागावर किंवा खालच्या पापणीच्या आत दिसत असेल, तर स्वच्छ ओल्या कापडाच्या टोकाने अलगद टिपावा. बुबुळावर असल्यास त्याला मुळीच स्पर्श करू नये. कण निघून गेल्यावरही खुपत राहिले, पाणी येत राहिले किंवा धूसर दिसले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

(२) आत घुसलेली वस्तू : विळ्याला किंवा फाळाला हातोडी मारताना उडालेला लोखंडाचा बारीक कण डोळ्याच्या आत घुसू शकतो, आणि बाहेरून जखम जवळजवळ दिसतही नाही. अशा वेळी, तसेच काटा किंवा काडी रुतली असता, डोळा धुऊ नये, दाबू नये, रुतलेली वस्तू ओढू नये व थेंबही घालू नयेत. डोळ्यावर दाब पडणार नाही अशा बेताने कागदी पेला पालथा धरून बांधावा व रोग्यास तडक रुग्णालयात न्यावे.

(३) चुना, खते व औषधे : एक क्षणही न दवडता जवळ मिळेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा धुण्यास प्रारंभ करावा. पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान १५ ते २० मिनिटे धार चालू ठेवावी आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. तंबाखूच्या डबीतील किंवा पुडीतील चुना लहान मुलांच्या डोळ्यात उडून भयंकर अपघात होतात. चुन्याचे कण पापणीखाली राहिले तर ते डोळा जाळतच राहतात. म्हणून ते पाण्याने व ओल्या कापडाने काढून टाकावेत. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू वगैरे आंबट पदार्थ घालू नयेत.

कीटकनाशकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फवारणीनंतर डोळ्यांतून पाणी येणे, धूसर दिसणे व बाहुल्या बारीक होणे यांबरोबर मळमळ, घाम, लाळ किंवा धाप असेल, तर ती सर्वांगाची विषबाधा समजावी. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, हे विसरता येत नाही. अशा रोग्याचे भिजलेले कपडे उतरवून अंग धुवावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि औषधाचे वेष्टन सोबत न्यावे.

कोणत्या विकारात किती थांबावे

रांजणवाडी झाल्यास कोमट पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. ती फोडू नये. आठवडाभरात न ओसरल्यास दाखवावे. मोतीबिंदूत नजर हळूहळू व वेदनेवाचून मंदावते. त्याची शस्त्रक्रिया दोन हंगामांच्या मधल्या मोकळ्या काळात करून घेण्यास हरकत नाही. तिन्हीसांजेनंतर मुलास अथवा गरोदर स्त्रीस चाचपडावे लागत असेल, तर तो जीवनसत्त्व ‘अ’च्या अभावाने होणारा रातांधळेपणा असू शकतो, त्यास त्वरित आरोग्य केंद्रात न्यावे. डोळा एकाएकी अतिशय दुखून दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे व उलट्या होणे हे काचबिंदूच्या तीव्र प्रकाराचे लक्षण असते. ते दिसल्यास, तसेच अकस्मात नजर गेल्यास, त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. शेतातील इजेनंतर लाल झालेला डोळा याच तातडीच्या वर्गात धरावा.

प्रतिबंध

मळणी यंत्रावर, उफणणी करताना, ऊसतोडणीत, तूर व पऱ्हाटी काढताना आणि फवारणी करताना बाजूनेही झाकणारा पारदर्शक चष्मा वापरावा. घामाने तो घसरत असल्यास मागून दोरी बांधावी. वारा पाठीवर घेऊन उभे राहावे. ऊस तोडणाऱ्यांनी परस्परांत पुरेसे अंतर ठेवावे. चालू यंत्राजवळ मुलांना खेळू देऊ नये. मजुरांसाठी विळे व पोती यांची तजवीज आपण आधी करतो. त्याच यादीत चष्म्यांचाही समावेश करावा.

सुगीत एक दिवस गेला तर नुकसान होते, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे; रोजंदारीवरील मजुराची तर त्याहूनही अधिक. परंतु त्या एका दिवसाची मजुरी भरून काढता येते; फूल पडलेल्या डोळ्याची नजर बहुधा परत येत नाही. यास्तव इजा झालेल्या माणसास त्याच दिवशी कामावरून सोडावे व शक्य तर सोबत देऊन आरोग्य केंद्रात पाठवावे. मजूर असला तर त्याची त्या दिवसाची मजुरी कापू नये. ती कापली जाण्याच्या भीतीनेच अनेकजण दुखणे लपवितात, आणि बहुमोल तास निघून जातात.