नाफ्प्लिओला निघालीस ना? मग एवढं ऐकून जा

चिऊ, ग्रीसला जाऊन नुसतं अथेन्स न बघता तू या गावासाठी दोन दिवस काढलेस, फार बरं केलंस. देश नव्याने स्वतंत्र झाला तेव्हा कारभार इथून चालायचा. १८३४ साली राजधानी अथेन्सला गेली. आता माझं ऐक.

१. अथेन्सहून बसने दोन-अडीच तास लागतात. उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ टिपून घे – परतीची गाडी पाहिली, त्यानेच गाव निवांत पाहिलं.

२. पालामिदीचा गड दार उघडायच्या वेळीच गाठ. पायऱ्या ९९९ सांगतात, मोजल्या तर कमी भरतात, पण सावली कुठेच फारशी नाही – सकाळी चढला तो गड बघून आला, दुपारी चढला तो घाम पुसून आला.

३. दम लागत असेल तर हट्ट नको. मागून गाडीरस्ता आहे. टॅक्सीने वर जा, पायऱ्यांनी खाली ये – उतरताना खाडी, कौलं आणि पाण्यातला बुर्त्सीचा किल्ला समोर असतो, चढताना फक्त पुढची पायरी.

४. पाणी खालूनच भरून ने. मोठी बाटली, लहान नव्हे. तुझी सवय मला ठाऊक आहे.

५. वर गेलीस की तटावरून सावकाश फिर. व्हेनिसवाल्यांनी हा गड १७११ ते १७१४ मध्ये उभारला आणि १७१५ साली तुर्कांनी घेतलाही. कोलोकोत्रोनिसची कोठडी म्हणून दाखवतात तिथे वाकून शिर, फोनचा दिवा लाव – दार बुटकं, आत अंधार. स्वातंत्र्ययुद्ध गाजवलेल्या या सेनापतीला नव्या राजवटीने १८३४ साली मृत्युदंड सुनावला होता; वर्षभरात सोडलं, तरी ती कोठडी बघताना मला अजून राग येतो.

६. पर्समध्ये एक ओढणी असू दे – देवळात उघडे खांदे बरे दिसत नाहीत. आयिओस स्पिरिदोनासच्या छोट्या चर्चपाशी मात्र थांबच. देशाचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास १८३१ साली प्रार्थनेला येताना इथेच मारला गेला. दाराजवळ गोळीची खूण काचेखाली जपली आहे.

७. रबरी तळाची चप्पल घाल. सिंतग्मा चौकाची संगमरवरी फरशी पावलांनी घासून गुळगुळीत झाली आहे – ओल्या फरशीला ओळख लागत नाही, ती सगळ्यांना सारखीच पाडते.

८. संडासात कागद टाकू नकोस, शेजारच्या डब्यात टाक – तिथले नळ अरुंद असतात, आणि तुंबल्यावर लाज आपलीच जाते.

९. दुपारी दुकानं मिटतात, गल्ल्या झोपतात. तूही झोप – तिथे रात्रीचं जेवण नऊच्या पुढेच रंगतं, आणि पेंगणाऱ्याच्या पानात मासा गार होतो.

१०. मायसिनी, टिरिन्स, एपिदाव्रोस ही प्राचीन ठिकाणं जवळ आहेत म्हणून एका दिवसात कोंबू नकोस. टिरिन्स अगदी गावाबाहेर, ते येता-जाता होईल. एपिदाव्रोसच्या नाट्यगृहाला मात्र पुरती सकाळ दे, आणि सगळ्यात वरच्या ओळीपर्यंत चढ – खाली मधोमध कोणी साधं बोललं तरी तिथे ऐकू येतं.

११. पोहायला आर्वानितियाला जा, पण पायात काहीतरी असू दे – किनारा गोट्यांचा आहे.

१२. १५ ऑगस्टच्या आसपास जाणार असशील तर खोली आजच ठरव. मेरीमातेचा मोठा सण असतो, अर्धं अथेन्स समुद्राकडे निघतं.